शून्य रुपयांचं खाद्य आणि माझे दोन शब्द

स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलायला मी नाही म्हणाले, तर तुम्हाला वाटलं हिला शिंगं फुटली. तसं नाही हो. बसा, कारण सांगते. पण चहा आधी संपवून घ्या, मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

वराहपालनात तोटा का होतो, यावर मी कॉलेजात अख्खा सेमिनार दिला होता. रोग, पडलेले भाव, पिल्लांची मरतूक, खाद्याचा खर्च, सगळी कारणं त्यात होती. एकच राहून गेलं होतं. मालकिणीचा आवाज.

हसू नका. माझ्या डुकरांच्या तोंडचा घास माझ्या आवाजाने काढला. कसा, ते ऐका.

आमचा मळा मखमलाबादला. पिढ्यान्‌पिढ्या फुलं आणि भाजी. झेंडू, शेवंती, कोबी, फ्लॉवर. मी शेतीची पदवी घेऊन घरी आले तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की पोरगी आता एक तर पॉलिहाउस मागेल, नाहीतर बँकेच्या परीक्षेला बसेल. मी डुकरं मागितली.

अण्णा शेवंतीच्या जुड्या बांधत होते. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. ही काय म्हणते ते तूही ऐक. मी एकट्यानं का ऐकायचं?"

आई आली, तिने ऐकलं, आणि "दूध उतू जातंय" म्हणून परत आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एखाद्या गोष्टीकडे लोक नाक मुरडून बघतात म्हटलं की मला तिच्यात डोकं घालून बघायचंच असतं. आणि डुक्कर हा प्राणी बघा तर खरं. गाय एका वेताला एक वासरू देते. डुकरीण वर्षातून दोनदा विते, आणि दर खेपेला आठ-दहा पिल्लं. चांगल्या पांढऱ्या विलायती जातीचं पिल्लू तीन-साडेतीन किलो खाद्यात किलोभर वाढतं. सात-आठ महिन्यांत विक्रीला तयार. माल बाजारात न्यायचा नाही, हमाली नाही, व्यापारी गाडी घेऊन दारात. झेंडूचं कधी असं झालंय? दसऱ्याच्या दिवशी रस्त्यावर फेकून आलोय आपण झेंडू.

हे सगळं मी अण्णांना एका दमात सांगितलं.

अण्णांनी शांतपणे विचारलं, "एवढं सोन्यासारखं आहे, तर सगळे का नाही करत?"

प्रश्न बरोबर होता. डुकराच्या उत्पादन खर्चात निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा नुसत्या खाद्याचा असतो. मका, पेंड, कोंडा सगळं विकत आणून घातलं, तर शेवटी डुक्कर मालकालाच खाऊन बसतं. नफा आणि तोटा यांच्यामध्ये फक्त एक घमेलं असतं, खाद्याचं.

"म्हणून मी खाद्याचा खर्च शून्य धरलाय," मी म्हणाले आणि माझा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला.

अण्णांनी त्या शून्यावर बोट ठेवलं. "हे शून्य देणार कोण?"

"नाशिकची लग्नं."

तुम्ही शहरातून कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा. पेट्रोल पंप कमी आणि लॉन्स जास्त. प्रत्येक लॉन्सवर सीझनमध्ये रोज लग्न. पाचशे पत्रिका वाटायच्या, दीड हजार माणसांचा स्वयंपाक करायचा, आणि वाढप्याने नको नको म्हणताना पानात ढकलायचं. उरलेल्याचं काय होतं? खड्डा. माझं डोकं फिरलं होतं ते बघून. एकीकडे अन्न सडतंय, दुसरीकडे शेतकरी महागडी पेंड विकत घेतोय. मधला रस्ता कोणाला दिसत कसा नाही?

अण्णांनी विचार केला. मग त्यांनी अट घातली. मळ्याच्या कोपऱ्यात शेड बांध. पण घरातला एक रुपयाही खाद्यावर जाणार नाही. होळीपर्यंत डुकरांनी स्वतःचं पोट स्वतः भरायचं. नाही जमलं, तर शेड मोडायचं, डुकरं विकायची, तिथं शेवंती लागणार, आणि मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणार.

"कबूल," मी म्हणाले. मला वाटलं, काय सोपी अट आहे.

दिवाळीच्या सुमारास दोन गाभण माद्या आणि वीसेक पिल्लं आणली. टेम्पो आमच्या मळ्यावर पूर्वीपासून माल ने-आण करणाऱ्या सोपानचा. सोपान माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठा, तरी मला ताईच म्हणतो. त्याचं म्हणणं एकच होतं. "ताई, मी शेवंती वाहिलेला माणूस. ह्या टेम्पोत आता काय काय बसणार, ते मला आधी सांगू नका."

मग मी जवळच्याच एका लॉन्सचे मॅनेजर निकमभाऊ यांना भेटले. गडी बोलका. कानाला एक फोन, हातात दुसरा. मी म्हटलं, रोजचं उरलेलं मी उचलते, पैसे देणार नाही आणि घेणारही नाही. त्यांना ओल्या कचऱ्याची कटकट होतीच. ते एका पायावर तयार झाले. फक्त मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, एक करा. पार्टीपुढं डुकराचं नाव काढू नका. पोरीच्या लग्नातलं जेवण डुकराला गेलं म्हटल्यावर पार्टी नाराज होते. माझी पुढची बुकिंग जाते. कोणी विचारलं तर म्हणायचं, अन्न वाया जाऊ नये म्हणून नेते."

"ते तर खरंच आहे," मी म्हणाले.

"मग झालं तर."

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. काय दिवस होते ते. रोज निळे ड्रम भरून यायचे. उष्टं तसंच घालायचं नसतं, रोग येतो. त्यामुळे आधी निवडायचं, पत्रावळीच्या काड्या, लिंबाच्या साली, प्लास्टिकचे चमचे बाजूला काढायचे, मग मोठ्या कढईत रटरट उकळायचं. घाणेरडं काम म्हणाल, पण मला त्यात भलताच रस वाटायला लागला. नुसत्या ड्रमवरून मी लग्न ओळखायला लागले. भात जास्त उरला म्हणजे मुहूर्त लांबला, लोक घाईत जेवून पळाले. भरली वांगी उरली म्हणजे आचारी नवा. जिलेबी उरली म्हणजे वाढप्याला वरमाईनं हुकूम दिलेला. गुलाबजाम मात्र एकाही लग्नात उरला नाही. याच्यावर कोणीतरी संशोधन करायला हवं.

आणि पिल्लं अशी फुगत होती म्हणून सांगू. रोज सकाळी बघावं तर काल होती त्याहून रुंद. अण्णा आधी शेडकडे पाठ करून फुलं तोडायचे. मग तोंड करून तोडायला लागले. एके दिवशी पाहिलं तर एका पिल्लाची पाठ काठीने खाजवत उभे. मला बघून काठी मागे लपवली.

"सुटतंय का काही?" त्यांनी उगाच बांधाकडे बघत विचारलं.

"खाद्य शून्य आहे अण्णा. सगळं सुटतंय."

"होळी लांब आहे अजून," ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा कडकपणा नव्हता.

इथपर्यंत सगळं माझ्या अहवालाप्रमाणे चाललं होतं. मग आले सायखेड्याचे तात्या.

तात्या म्हणजे द्राक्षबागायतदार माणूस, एकुलत्या एका मुलीचं लग्न. बुफे नको, पंगतच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मी आणि सोपान जरा लवकर पोचलो होतो. मी भटारखान्याच्या दाराशी रिकामे ड्रम लावून उभी. अंगावर धुतलेला, इस्त्रीचा कुडता. हीच चूक. नाशिक जिल्ह्यातल्या लग्नात इस्त्रीचे कपडे घालून एका जागी दोन मिनिटं उभं राहू नये. तुमचा सत्कार होतो.

तात्या निकमभाऊंना विचारत होते, "ह्या कोण?"

"ह्या हर्षदाताई. अन्न वाया जाऊ देत नाहीत. आमच्या प्रत्येक लग्नाला येतात. एक पैसा घेत नाहीत."

तात्या माझ्याकडे आले. "कुठं नेता ताई हे?"

"मखमलाबादला. आमच्याकडं वीस-पंचवीस खाणारी तोंडं आहेत."

यात खोटं काय होतं, सांगा? पण तात्यांनी दोन्ही हात जोडले. माझ्याहून दुप्पट वयाचा माणूस, डोळ्यांत पाणी. मी निकमभाऊंकडे बघितलं. निकमभाऊंनी मान अशी हलवली, की त्यात पुढच्या तीन बुकिंगा दिसत होत्या. मी गप्प बसले.

आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं नंतर होतात, सत्कार आधी. आमदारांच्या पुतण्याचा सत्कार झाला, सोसायटीच्या चेअरमनचा झाला, मुलाच्या मामाच्या मित्राचा झाला. माझं लक्ष ड्रमकडे होतं. आणि माइकवाला ओरडला, "आता मी विनंती करतो, अन्नाचा कण न्‌ कण वाचवणाऱ्या, समाजकार्याला वाहून घेतलेल्या सौ. हर्षदाताई यांना."

लग्न झालेलं नसताना मला त्याने सौभाग्यवती करून टाकलं. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं.

शाल आली, नारळ आला, आणि मग त्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला. "ताई, दोन शब्द."

आता हे बघा. शहाण्या माणसाने काय केलं असतं? "वधूवरांना शुभेच्छा," म्हणून खाली उतरला असता. मी मात्र कॉलेजची चारही वर्षं वक्तृत्व स्पर्धेत ढाली जिंकलेली. समोर हजार माणसं, हातात माइक, आणि विषय अन्नाची नासाडी. माझ्या आतून काहीतरी सुटलं. कुत्रं दोरी तोडून सुटतं, तसं.

मी म्हणाले, ताटातली ही पोळी पिठाची नाही. गव्हाला पाणी द्यायला जो माणूस थंडीत, लाइट येईल तेव्हा उठून मोटार चालू करायला गेला, त्याच्या मोडलेल्या झोपेची ही पोळी आहे. ती टाकलीत तर त्याची झोप फेकून दिलीत. तुम्ही सगळे शेतकऱ्याची लेकरं. दुसरा कोणी फेकेल, तुम्ही कसे फेकता? वाढप्यांनो, आग्रह म्हणजे प्रेम नाही, आग्रह म्हणजे नासाडी. ताटात तेवढंच घ्या, जेवढं पोटात जाणार आहे.

बँडवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी स्टेजवरून उतरले ती हवेतच.

मग पंगत बसली आणि मी जे पाहिलं ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तात्या स्वतः पंगतीतून फिरत होते. "कोणाला आग्रह करायचा नाय. ताईंनी काय सांगितलं? मागंल तेवढंच वाढा." लोक अर्धी-अर्धी पोळी मागून घेत होते. एका काकांनी पानात सांडलेला वरणाचा थेंब बोटाने पुसून खाल्ला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समाज बदलतो, फक्त सांगणारं कोणीतरी पाहिजे, असं काहीसं मनात चाललं होतं.

तेवढ्यात मागून सोपानचा आवाज आला. "ताई, भाषण लय भारी झालं."

"खरंच?"

"खरंच. ड्रम बघा."

ड्रममध्ये बघितलं. तळाला लिंबाच्या साली, मठ्ठ्यातल्या मिरच्या, आणि पापडाचा एक तुकडा. आचाऱ्याच्या पातेल्यात उरलेला भात होता, तोसुद्धा तात्यांनी डबे भरून पाहुण्यांबरोबर दिला होता. काही म्हणजे काहीच वाया गेलं नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे. एक दिवस. एका दिवसाने काय होतंय?

पण तात्यांच्या भाच्याने माझं भाषण फोनवर घेतलं होतं. सकाळपर्यंत ते आख्ख्या निफाड तालुक्यात फिरलं. दुपारपर्यंत माझ्या मावशीकडून कळवणहून मलाच आलं, खाली लिहिलेलं, 'जरूर ऐका, डोळ्यांत पाणी येईल.' मावशीला माहीत नव्हतं की ती मीच आहे, कारण फोन मांडवातून घेतलेला, माझं तोंड ठिपक्याएवढं. पाणी माझ्या डोळ्यांत आलं, हे खरं.

निकमभाऊंनी तर कमालच केली. लॉन्सच्या दारात फ्लेक्स लावला. माझा फोटो, हात जोडलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'ताटात तेवढंच घ्या, जेवढं पोटात जाणार आहे.' शेजारच्या लॉन्सवाल्याला वाटलं की आपण मागे पडलो, म्हणून त्यानेही लावला. त्याने फोटो आणखी मोठा केला.

"निकमभाऊ, हे काय केलंत?" मी म्हणाले.

"ताई, पार्ट्या खूश आहेत. जेवणाचा खर्च कमी होतोय. तुमच्या नावावर बुकिंग येतंय."

"आणि माझी डुकरं?"

"हळू बोला," ते म्हणाले.

आता रोज नवा प्रकार सुरू झाला. मी ड्रम घेऊन जायचे, लोक मला ओळखायचे, स्टेजवर न्यायचे, शाल-नारळ द्यायचे. परत येताना टेम्पोत ड्रम रिकामे आणि शाली भरलेल्या. नारळ फोडून डुकरांना घातले. खोबरं त्यांना फार आवडतं, हेही मला तेव्हाच कळलं. पण सत्काराच्या नारळावर वीस-पंचवीस तोंडं किती दिवस काढणार? पिल्लं मला बघून ओरडायला लागली. डुकराचं भुकेचं ओरडणं तुम्ही ऐकलं नसेल. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं असतं, फक्त गॅस बंद करता येत नाही.

अण्णा बांधावरून ऐकत होते. "शून्य ओरडतंय वाटतं," एवढंच म्हणाले.

मी उलटं भाषण करून पाहिलं. खोटं कशाला बोलू? एका लग्नात माइक हातात आल्यावर म्हणाले, मंडळी, आग्रह ही आपली संस्कृती आहे. पाहुण्याला पोटभरापेक्षा चार घास जास्त वाढणं हा आपला मोठेपणा आहे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मांडवातून कोणीतरी विचारलं, "मग त्या शेतकऱ्याच्या झोपेचं काय, ताई?" मी म्हटलं, तीही महत्त्वाची आहे. आणि शुभेच्छा देऊन उतरले.

मग मी थेट पंगतीत घुसले. जिलेबीचं ताट घेतलं आणि वाढायलाच लागले. "घ्या हो काका. एक तरी. माझ्यासाठी एक." पानात पडलं म्हणजे काहीतरी उरेल, हा हिशेब. नऊवारीतल्या एका आजींनी माझं मनगटच धरलं.

"पोरी, तू फोनातली ना?"

"हो आजी."

"मग लाज नाय वाटत? आग्रह म्हणजे नासाडी म्हणतीस, आन्‌ माझ्या पानात तिसरी जिलेबी टाकतीस?"

सगळी पंगत बघत होती. आजींनी ती जिलेबी उचलली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा आता. माझ्यासमोर खा." मी खाल्ली. वाया जाऊ द्यायची नव्हती ना.

शेवटी मी काही पिल्लं पूर्ण वजन होण्याआधीच विकली. धंद्यात याच्यासारखा घाटा नाही. ज्या महिन्यांत डुक्कर सगळ्यात जास्त वाढतं, नेमक्या त्याच महिन्यांत ते दुसऱ्याच्या दारात जातं. पण त्या पैशांत उरलेल्यांसाठी मक्याचा भरडा आणला. शून्य गेलं. अण्णांच्या अटीत बसत होतं, कारण पैसा घरचा नव्हता. पण हा भरडा होळीपर्यंत पुरणार नाही, हे मलाही दिसत होतं आणि अण्णांनाही. त्यांनी शेवंतीच्या रोपांची चौकशी सुरू केल्याचं आईने मला सांगितलं. आणि माझ्या टेबलावर बँकेच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आपोआप आलं.

अशातच एक मादी व्याली. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. नऊ पिल्लं थरथरत होती. घरात गोणपाट नव्हतं, पण शालींचा ढीग होता. मी पिल्लांखाली चार अंथरल्या, दोन आडोशाला बांधल्या आणि सगळ्यात जाड, जरीकाठाची होती ती मादीच्या अंगावर टाकली. ती बिचारी अगदी स्टेजवर बसल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्याच सकाळी मळ्यात जीप आली. तात्या. मागे गव्हाचं पोतं.

"ताई, सप्त्याच्या महाप्रसादाला तुम्हाला न्यायचंय, दोन शब्द बोलायला," तात्या उतरत म्हणाले. "आन्‌ तुमच्या त्या वीस-पंचवीस तोंडांसाठी ह्यो गहू. कुठं हायत लेकरं? भेटवा तरी."

सोपान टेम्पोखाली काहीतरी दुरुस्त करत होता. तो आणखी आत सरकला.

मी काय करणार? निकमभाऊंची बुकिंग मनातल्या मनात ओवाळून टाकली आणि तात्यांना शेडपाशी घेऊन गेले. अण्णा मागून आले. तात्या दारात थांबले. आधी त्यांनी डुकरं बघितली. मग पिल्लं. मग त्यांची नजर मादीवर गेली आणि तिथेच राहिली.

"ही शाल माझी हाय," ते म्हणाले.

"हो तात्या."

"येवल्याहून आणली होती."

"उबदार आहे खूप," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

मी शिव्यांची वाट बघत होते. माझ्या पोरीच्या लग्नातलं अन्न डुकरांना, वगैरे. पण तात्या शेतकरी माणूस. शेतकऱ्याला राग येतो, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो. ते वाकले, एक पिल्लू दोन्ही हातांनी उचललं आणि वजन अजमावलं.

"किती महिन्यांत तयार होतं?"

मी सांगितलं.

"एका वेताला एवढी?"

"कधी आठ, कधी दहा."

"न्यायला कोण येतं? उधार नाय ना ठेवत?"

मी तेही सांगितलं. खाद्य किती, वाढ किती, औषधपाणी किती, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला, जो अण्णा तीन महिने बांधावरून विचारत होते. "मग सुटतं का हो काही ह्याच्यात?"

"सुटत होतं, तात्या," मी म्हणाले. "तुमच्या मुलीच्या लग्नापर्यंत."

आणि मी सगळं सांगून टाकलं. ड्रम, भाषण, फ्लेक्स, जिलेबीवाल्या आजी. तात्या आधी नुसते बघत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. शेडच्या खांबाला धरून हसले. आणि त्यांच्या मागून आणखी एक हसण्याचा आवाज आला. अण्णा. अण्णांना मी असं हसताना शेवटचं कधी पाहिलं, मला आठवत नाही. डोळे पुसत ते तात्यांना म्हणाले, "आम्ही हिला बोलायला शिकवलं तेव्हा खर्च धरला नव्हता."

निघताना सोपानने विचारलं, "तात्या, पोतं उतरवू का?"

"नको बाबा. माणसांचा गहू हाय, माणसांनाच जाऊ दे." मग शेडकडे बघून म्हणाले, "शाल ऱ्हाऊ दे. बाळंतीण हाय ती."

त्यानंतरच्याच आठवड्यात कोबी पडला. भाव असा पडला, की माल बाजारात नेण्याचं भाडंसुद्धा निघेना. दरवेळी अण्णा असा माल तिथेच टाकून रिकाम्या क्रेट घेऊन येतात आणि दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. त्या दिवशी ते भरलेल्या क्रेट घेऊन परत आले. स्वतः शेडपाशी गेले आणि गड्डे फोडून आत टाकायला लागले. नुसत्या पाल्यावर डुकराचं वजन वाढत नाही, भरडा लागतोच. पण भरडा निम्म्यावर येतो, आणि माझा मग होळीपर्यंत पुरला. मी लांबून बघत होते. कोबी खातानाचा डुकरांचा कचकच आवाज अण्णा मान तिरकी करून ऐकत होते.

"बाजारात रोज किती टाकतात लोक, माहीत आहे तुला?" ते म्हणाले. "मी सांगून आलोय. उद्यापासून सोपानला तिकडे पाठव. पाला, फुटलेला फ्लॉवर, वाकडी गाजरं, सगळं उचलायचं. फुकट."

"म्हणजे शून्य?"

"शून्य नाही. डिझेल लागतं. अहवालात लिही."

होळीला शेड उभं होतं. नफा झाला म्हणणार नाही, तोटा झाला असंही म्हणणार नाही. पण शेवंतीची रोपं दुसऱ्या तुकड्यात लागली आणि बँकेच्या पुस्तकावर आता आईचा मिक्सर असतो.

आणि परवा मी अण्णांबरोबर पहिल्यांदा पाला उचलायला बाजारात गेले. आम्ही क्रेट भरत होतो. एक आडतदार लांबून माझ्याकडे बघत होते. जवळ आले. "अहो, ह्या त्या भाषणवाल्या ताई ना? बरं झालं भेटलात. बघा, इथं रोज किती भाजी वाया जाते. सगळे शेतकरी जमतात तेव्हा तुमचे दोन शब्द ठेवू. माइकची सोय आहे."

मी आजूबाजूला बघितलं. ढीगभर कोबी, ढीगभर पालक, सगळं मातीत. अन्याय हो, सरळ अन्याय. घशापर्यंत वाक्य आलं होतं. मी तोंड उघडलं होतं, खोटं बोलत नाही.

अण्णांनी हातातली क्रेट खाली ठेवली आणि माझ्या पुढे येऊन उभे राहिले.

"तिचा घसा बसलाय," ते म्हणाले.

"अरेरे. कधीपासून?"

"सायखेड्याच्या लग्नापासून. डॉक्टर म्हणतात, नाही उघडायचा आता."

तर असं आहे. तुमच्या स्नेहसंमेलनातसुद्धा जेवण आहे, आणि त्या हॉलचं उरलेलं आता सोपान उचलतो. त्यामुळे कोणी विचारलं तर एवढंच सांगा, हर्षदाचा घसा बसलाय. इतका वेळ बडबडले ते सोडा.